विक्षोभमुक्त

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मी पहिल्यांदा मूर्ख म्हटलं ते मनातल्या मनात, पानिपतच्या काला अंबहून परतणाऱ्या बसमध्ये. तोंडावर म्हणायला मला पुढे साडेतीन वर्षं लागली. तोपर्यंत एक जमीन, एका म्हातारीच्या शेळ्या आणि आमची गाडी, सगळं गेलेलं होतं.

दर जानेवारीत दिल्लीच्या द्वारकेतली आम्ही मराठी कुटुंबं बस ठरवून पानिपतला जातो. स्मारकापाशी फुलं वाहायची, कुणीतरी घसा खरवडून भाषण करायचं, मग थर्मासमधला चहा, घरून आणलेल्या तिळाच्या वड्या, आणि परत. त्या वर्षी परतताना अध्यक्ष माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. मूळचे सांगलीचे, एका मंत्रालयातून बऱ्यापैकी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं कागदांवर शेरे मारणाऱ्या माणसाची मान एका ठरावीक कोनात ताठते, तशी त्यांची ताठलेली.

"मॅडम, तुमची मदत हवीय," ते म्हणाले. "सोसायटीच्या मागची जमीन आपण देखभालीला घेतोय. ज्या खात्याची आहे त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. वेस्टलँड आहे बिल्कुल. तिथे आपण बायोडायव्हर्सिटी पार्क करू."

"ओसाड नाही हो ती," मी म्हटलं. "मी माझ्या विद्यार्थ्यांना नेते तिथे."

"अच्छा? काय बघायला?"

"गवत. पक्षी. शेळ्या."

ते मोकळेपणाने हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. तेव्हाच तो शब्द माझ्या मनात आला, आणि मी तो तिळाच्या वडीबरोबर गिळला.

मी दिल्लीतल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं पर्यावरणशास्त्र शिकवलं. त्यात एक पूर्ण प्रकरण डिस्टर्बन्सवर असतं. परिभाषा कोशातलं मराठी विक्षोभ, जे माझ्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला विचारायची, डिस्टर्बन्स म्हणजे काय? दरवर्षी तीच उत्तरं. "मॅम, शोर." "मॅम, पल्यूशन." आणि मागच्या बाकावरून एखादा तत्त्वज्ञ, "मॅम, इन्सान." सगळे माना डोलवायचे. माणूस आला की निसर्ग बिघडतो आणि माणूस गेला की तो आपोआप सुधारतो, ही भाबडी समजूत आमच्या पोरांच्या डोक्यात शाळेतल्या चित्रकला स्पर्धांनी इतकी घट्ट बसवलेली असते की ती उपटायला माझं अर्धं सत्र जायचं.

मी सांगायची की विक्षोभ ही एक घटना आहे. आग लागते, पूर येतो, झाड कोसळतं, जनावरं चरतात, कुणी कुदळ मारतं. उभ्या असलेल्या जीवसृष्टीतला काही भाग मोडतो, आणि त्या जागी उजेड, माती, पाणी मोकळं होतं. जे आधी दबून होतं त्याला संधी मिळते. ही घटना चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. केवढी, किती वेळा, किती जोराची, आणि तिथल्या झाडापाखरांना तिची सवय आहे की नाही, एवढं विचारायचं. यमुनेच्या खादरात, म्हणजे काठच्या पूरमैदानात, पूर येणं हे तिथल्या गवताचं रोजचं जगणं आहे. पूर यायचा बंद झाला तर तो खरा विक्षोभ. पोरं हे वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत पुन्हा प्रदूषणच लिहायची.

मला स्वतःला हे पुस्तकातून कळलं असं मी वर्षानुवर्षं समजत होते. खरं तर ते सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये कळलं होतं. वडील एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. क्वार्टरच्या मागे चार हातांचं अंगण होतं. आई साताऱ्याची. थंडी सुरू होताना ती ते अंगण खुरप्याने उकरून ठेवायची, काही पेरायची मात्र नाही. पंधरा दिवसांत त्या उकरलेल्या मातीत चाकवत उगवायचा. पेरल्याशिवाय, फुकट. शेजारच्या पंजाबी मावशी त्याला बथुआ म्हणत आणि पराठ्यात घालत, आई ताकातला करायची. एका वर्षी बागकामवाल्या सरकारी माणसांनी येऊन सगळ्या अंगणांत एकसारखी हिरवळ लावली, खुरपं चालवायचं नाही म्हणून बजावलं. त्या हिवाळ्यात चाकवत आला नाही. आई आठवडाभर त्या हिरवळीकडे अशी बघत होती, जणू कुणी उष्टं ताट तिच्या दारात ठेवून गेलंय. मी तेव्हा नववीत होते. मला एवढंच कळलं की आई उगाच चिडलीय.

तर ती द्वारकेची जमीन. आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि पलीकडच्या जुन्या गावाची घरं यांच्यामध्ये चारेक एकर उरलेली. मधोमध एक खोलगट भाग, पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि दिवाळीपर्यंत आटायचं. कडेला सरकंडा, म्हणजे पुरुषभर उंचीचं चिवट गवत. गावातले लोक हिवाळ्यात ते छपरांसाठी कापायचे, उरलेल्या बुडख्यांना थोडी थोडी आग लावायचे. गावातल्या बायका विलायती कीकरीच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, फांद्या सरपणासाठी तोडून न्यायच्या. आणि रोज सकाळी एक म्हातारी वीस-बावीस शेळ्या घेऊन यायची. गावात तिला सगळे ताई म्हणत. तिकडे ताई म्हणजे मोठी काकू. मी मात्र आपल्या अर्थाने ताई म्हणायची आणि तिला ते चालायचं.

शेळ्यांनी कुरतडलेल्या, उघड्या जमिनीवर उन्हाळ्यात टिटव्या अंडी घालायच्या. घरटं नाहीच, नुसता मातीतला खळगा आणि चार ठिपकेदार अंडी. गवत उंच असेल तर टिटवी तिथे फिरकत नाही, तिला चारी बाजूंनी शत्रू दिसायला हवा. शेळी जवळ आली की ती पंख पसरून असा काही आरडाओरडा करायची की शेळी वळसा घालून जायची. पावसानंतर पाणथळीच्या काठावर बोटभर उंचीची फुलं यायची, मी विद्यार्थ्यांना गुडघ्यांवर बसवून ती मोजायला लावायची. धूर व्हायचा, हे मी नाकारत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात एका काडीचाही धूर नको असतो, आणि लेंड्यांचा वास सोसायटीच्या तळमजल्यावर यायचा हेही खरं. पण त्या जमिनीवर जे होतं ते या सगळ्या तोडण्या-जाळण्या-चरण्यामुळे होतं.

बसमधल्या त्या गप्पांनंतर अध्यक्षांनी मला घरी चहाला बोलावलं. त्यांच्या पत्नीने कोथिंबीर वड्या केल्या होत्या. "आपलं माणूस म्हणून तुम्हाला सांगतो," ते म्हणाले. दिल्लीत मराठी माणूस असं म्हणाला की समजावं, फुकटात काम करायचंय. "एक्सपर्टचं दोन पानी टिपण हवं, खात्याला प्रस्तावासोबत जोडायला. तुमच्यापेक्षा कोण आहे?"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत कॉलेजने मला कधी एक्सपर्ट म्हटलं नव्हतं. तिथे मी टाइमटेबलमधली सोमवार-गुरुवार होते.

टिपण मी इंग्रजीत लिहिलं, नीट लिहिलं. त्यातलं महत्त्वाचं वाक्य असं होतं की हे स्थळ दीर्घकाळ नियमित विक्षोभाखाली आहे, आणि म्हणूनच येथील गवताळ परिसर व पक्षी टिकून आहेत, सबब चराई व गवतकापणी चालू ठेवावी.

चार दिवसांनी अध्यक्षांनी प्रस्तावाचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. माझं टिपण आत घेतलं होतं, जरा आटोपशीर करून. नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. तो सरकारी इंजिनियर, कागद वाचायची सवय.

"अगं, हे बघितलंस? हे स्थळ दीर्घकाळ नियमित विक्षोभाखाली आहे. आणि पूर्णविराम. तुझं पुढचं वाक्य कुठे गेलं?"

मी बघितलं. स्वल्पविराम होता तिथे पूर्णविराम बसला होता आणि त्यापुढचं सगळं गायब होतं. खाली माझं नाव, आणि नावाखाली ठळक अक्षरात, तज्ज्ञ सल्लागार.

"असू दे," मी म्हटलं. "प्रत्यक्ष काम सुरू होईल तेव्हा सांगेन मी."

"बघ बाई," नवरा म्हणाला. "एकदा सही झाली की प्रत्यक्ष काम वेगळंच असतं."

त्या आठवड्यात माझ्याकडे दीडशे उत्तरपत्रिका होत्या. हे कारण मी नंतर पुष्कळांना सांगितलं. खरं कारण ते ठळक अक्षरातले दोन शब्द. मी अंगठा वर केलेलं चिन्ह पाठवलं. माझी सही ती तेवढीच.

मंजुरी आली. मार्चमध्ये कुंपण घातलं गेलं, आठ फुटी हिरवी जाळी. गेटवर एक निळी पाटी लागली, हिंदी आणि इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं होतं, डिस्टर्बन्स-फ्री झोन. हिंदीत विक्षोभ-मुक्त क्षेत्र. तो शब्द कुणाला सुचला म्हणून मी सोसायटीच्या सभेत विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याच रिपोर्टमधला आहे की! तुम्हीच म्हणालात डिस्टर्ब्ड आहे. आपण डिस्टर्बन्स काढून टाकला."

माझ्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगासुद्धा एवढा आत्मविश्वासाने चुकला नव्हता.

"साहेब, डिस्टर्बन्स काढला तर ती जमीन बदलेल. चराई तरी चालू ठेवा. निदान अर्ध्या भागात."

"शेळ्या? पार्कमध्ये?" त्यांनी माझ्याकडे करुणेने बघितलं. "मॅडम, नेचरला जरा श्वास घेऊ द्या ना."

सभागृहात बसलेल्या दहा-बारा जणांनी माना डोलावल्या. मी आणखी दोन वाक्यं बोलले, कुणीतरी घड्याळ बघितलं, मी बसले. इतकाच माझा लढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई शेळ्या घेऊन गेटपाशी उभी होती. सोसायटीचा वॉचमन तिला पाटी दाखवत होता. तिला वाचता येत नव्हतं.

"मैडम जी, यो के लिख्या सै?" तिने मला विचारलं.

इतकी वर्षं शिकवलेला शब्द होता तो. मला तिला त्याचा अर्थ सांगता आला नाही. "अब अंदर जाना मना है ताई," एवढंच म्हटलं.

तिने पाटीकडे बघितलं, मग शेळ्यांकडे. "किसनै करवाया?"

मी म्हटलं, "सोसायटीने." सोसायटीत मी होते, हे तिला ठाऊक होतं. शेळ्या वळवून ती रस्त्याच्या कडेने निघून गेली, बसच्या आणि गाड्यांच्या मधून, एका हाताने मागच्या शेळीचा कान धरून.

पार्काचं उद्घाटन झालं. फीत, फुगे, लहान मुलांचं पृथ्वी वाचवाचं नाटुकलं. सप्तपर्णीची रोपं, बाटलीसारख्या बुंध्याचे पाम, मधोमध पाणथळीवर भराव टाकून केलेला गोल चबुतरा, आणि पायवाटेला शोभेचे दिवे. लोकांनी सकाळी तिथे फेऱ्या मारून फोटो टाकले. पहिला पावसाळा सरेपर्यंत सगळं हिरवंगार होतं आणि ग्रुपवर अध्यक्षांच्या नावाने टाळ्यांची चिन्हं पडत होती. मला दोघीतिघींनी मुद्दाम थांबवून अभिनंदन केलं. मी थँक यू म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर परवडेना, रोपं वाळली. रोपांसाठी खणलेल्या खड्ड्यांच्या मातीत मात्र गाजरगवत माजलं. कापणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सरकंडा कडेवरून आत सरकला, डोक्याच्या वर गेला, वाळला, आडवा झाला आणि त्याच्यावर नवा वाढला. कीकरीच्या फांद्या तोडायला बायका येत नव्हत्या, त्या कीकरीने जाळीला मिठी मारली. टिटव्या त्या वर्षी आल्या नाहीत. नंतरच्या वर्षीही नाही. मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेले तर आम्हाला पायवाटेच्या पुढे दहा पावलंही जाता आलं नाही. एका मुलीच्या हाताला पुरळ उठली. सकाळच्या फेऱ्या मारणारे आता पुन्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागले होते.

"आता कसं दाट जंगल झालंय," अध्यक्ष एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले. "बघा, हात लावला नाही तर निसर्ग काय करतो."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, साहेब, ते जंगल नाही, तीन वर्षांचं वाळलेलं गवत आहे एकावर एक. आधी दर हिवाळ्यात थोडं थोडं जळून, कापून, खाल्लं जाऊन संपायचं. आता सगळं साठतंय. तिसरा मजला आला आणि ते उतरले. उतरताना म्हणाले, "तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता."

कुंपणाला तीन वर्षं झाली त्या मे महिन्यात, भर दुपारी, लूचा भाजणारा वारा सुटलेला असताना ते पेटलं.

मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. आधी आवाज आला, कुणी ओल्या कापडाचे धपाधप फटके मारावेत तसा. मग वॉचमनची शिटी, आणि खिडकीतून बघितलं तर मागची सगळी भिंत केशरी झालेली. ज्वाळा पहिल्या मजल्याच्या वर जात होत्या. हिवाळ्यातल्या त्या बुडख्यांच्या आगी मी पंधरा वर्षं बघितल्या होत्या, गुडघाभर उंच, तासाभरात आपोआप विझणाऱ्या. त्यांच्यात आणि हिच्यात शेकोटी आणि घर जळणं एवढा फरक होता. नवऱ्याने सिलेंडर बंद केला, आम्ही शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं. खाली सगळी सोसायटी पुढच्या गेटबाहेर रस्त्यावर उभी होती. घरातल्या कपड्यांतले इतके अधिकारी मी एकत्र कधी पाहिले नव्हते.

बंब वेळेवर आले म्हणून इमारत वाचली. माणसं सगळी वाचली. मागच्या भिंतीलगत उभ्या तीन गाड्या जळाल्या, त्यांतली एक आमची. अग्निशामक दलाच्या माणसाने काठीने राख उकरून एक वितळलेली वायर वर काढली. पायवाटेच्या शोभेच्या दिव्यांची. "यहाँ से लगी है," तो म्हणाला, आणि भोवतालच्या राखेच्या थराकडे बघून त्याने विचारलं, "इतनी घास रखी किसलिए थी?"

जाळीला चिकटून एक धामण मेलेली होती. ती बाहेर पडायला धडपडली असावी, जाळीच्या भोकात तिचं डोकं अडकलं होतं.

रविवारी सर्वसाधारण सभा भरली. एरवी वीस माणसं येतात, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्ष उभे राहिले. आवाज जरा बसलेला, मान तीच.

"हा अपघात नाही," ते म्हणाले. हिंदीत बोलत होते, मी मराठीत सांगते. "गावातले लोक या जमिनीवर पूर्वीपासून आगी लावायचे. ती शेळ्यावाली बाई आपल्यावर डूख धरून होती. आपण पोलिसांत तक्रार देऊ."

लोकांना ते लगेच पटलं. पटायला सोयीचं होतं. एक गृहस्थ म्हणाले, मी स्वतः तिला भिंतीपाशी पाहिलंय. कधी पाहिलंय ते त्यांना आठवत नव्हतं. सेक्रेटरीने तक्रारीचा कागद आधीच टाइप करून आणला होता.

मी उठले.

"साहेब, तुम्ही मूर्ख आहात," मी मराठीत म्हटलं. मग बाकीच्यांसाठी हिंदीत म्हटलं.

नवऱ्याने माझी ओढणी खाली ओढली, मी सोडवून घेतली.

"आग तुमच्या दिव्यांच्या वायरीतून लागली. दलाच्या माणसाने वीस जणांसमोर सांगितलंय. आणि लागलेली आग एवढी मोठी का झाली, ते मी सांगते. ती बाई आणि तिच्या शेळ्या वर्षानुवर्षं ते गवत संपवत होत्या म्हणून इतकी वर्षं तुम्ही सुखाने झोपत होता. तुम्ही त्यांना हाकललंत, वर पाटी लावलीत. या तक्रारीवर सही झाली तर मी त्या बाईच्या बाजूने लेखी जबाब देईन. माझ्या टिपणाची मूळ प्रत माझ्याकडे आहे, तीही देईन."

"मॅडम, टिपण तुमचंच होतं," अध्यक्ष म्हणाले. "मसुदा तुम्हाला पाठवला होता. तुम्ही ओके केलंत."

"हो," मी म्हटलं. "मीही मूर्ख आहे. पण मी पोलिसांत जात नाहीये."

तक्रार मागे पडली. कुणाला लाज वाटली म्हणून नव्हे. एक वकील सदस्य उठून म्हणाले की लेखी जबाब आला तर दिव्यांचं कंत्राट कुणी दिलं हा प्रश्न निघेल, आणि मग सेक्रेटरीने कागद फाइलमध्ये सरकवला. पंधरवड्याने सभेचं इतिवृत्त आलं. त्यात माझ्या भाषणाबद्दल एकच ओळ होती. एका सदस्येने कामकाजात डिस्टर्बन्स निर्माण केला. नवरा ते वाचून पोट धरून हसला. मला हसू यायला दोन दिवस लागले.

मी गावात ताईकडे गेले. गल्लीत बाजेवर बसली होती. दाराशी दोनच शेळ्या बांधलेल्या. बाकीचा कळप तिने झज्जरकडच्या भावाकडे पाठवला होता, इथे चारायला जागाच उरली नव्हती. मुलगा मेट्रो स्टेशनजवळ ई-रिक्षा चालवत होता. तिने सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी हिंदीत, अडखळत, सगळं सांगितलं. टिपण, स्वल्पविराम, पाटी, तक्रार. स्वल्पविराम तिला समजावताना मला माझीच किळस आली.

"मुझे माफ कर दो ताई," मी म्हटलं.

ती म्हणाली, "माफी का के करूँ? बकरी खावै सै के माफी?"

सून तोंडाला पदर लावून हसली. ताई हसली नाही. मी पाणी प्यायले आणि उठले. ती गल्लीच्या तोंडापर्यंत आली नाही, आणि का यावं?

त्यानंतर घरी बसून मी त्या खात्याला पाच पानी पत्र लिहिलं. या वेळी कुणाला आटोपशीर करू दिलं नाही. लिहिलं की ही जमीन मोडलेली नव्हती, तिचं एक चालतं रहाटगाडगं होतं, आणि ते गावातल्या माणसांच्या हातून चालत होतं. कुंपण काढा, भराव काढा, गावाला चराईचा आणि गवत कापायचा हक्क द्या, जाळणं मात्र बंद ठेवा, कापणी पुरेशी आहे. पत्राची पोच आली. दरम्यान आमच्या कमिटीने दुसरा प्रस्ताव पाठवला, की आगीमुळे जमीन डिस्टर्ब्ड झालेली असल्याने तिथे पार्किंग करायला हरकत नसावी. आधी डिस्टर्ब्ड होती म्हणून पार्क, आता डिस्टर्ब्ड आहे म्हणून पार्किंग. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीत बिनविरोध आले. मी उभी राहणार होते, पण अर्जावर सही करायला अनुमोदक मिळाला नाही. नवऱ्याचं नाव चालत नाही म्हणाले, एकाच फ्लॅटचं आहे.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्या खात्याचा एक अधिकारी पाहणीला आला. तिशीतला, सभ्य, बॅगेत टॅबलेट. माझं पत्र त्याने खरोखर वाचलं होतं, खुणा करून. मला बरं वाटलं. जळलेल्या जमिनीभोवती आम्ही दोघं जाळीबाहेरून चक्कर मारली. काळी माती, मधे मधे कीकरीचे नवे कोंब, आणि अर्धा खचलेला चबुतरा.

"मैडम, तो इसमें करना क्या है?" त्याने विचारलं.

"खास कुछ नहीं. भराव हटाइए, गेट खोल दीजिए. गाँव वाले आ जाएँगे."

"बस? प्लांटेशन नहीं? ब्यूटिफिकेशन नहीं?"

"नहीं."

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, थट्टा नव्हती. "लेकिन मैडम, कुछ नहीं की फाइल कैसे बनेगी?"

मी त्याला घरी नेऊन लिंबू सरबत दिलं. त्याने टॅबलेटवर बरंच काही टिपून घेतलं, नमस्कार केला आणि गेला. पार्किंग अजून झालेलं नाही, चराईही नाही. गेटला कुलूप आहे. सोसायटी म्हणते चावी खात्याकडे आहे, आणि खात्यात मी दोनदा जाऊन आले, ते म्हणतात चावी सोसायटीकडे असेल.